ड्रॅग रेसचं अंतर १३२० वरून १००० फूट केल्याने खरंच काही फरक पडला का?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची थोड्या अंतराची शर्यत. तुम्ही विचारलंय की २००८ मध्ये स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर ट्रॅकवर मरण पावल्यावर एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने नायट्रोवर (नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर) चालणाऱ्या गाड्यांचं अंतर पाव मैलावरून, म्हणजे १३२० फुटांवरून, १००० फुटांवर आणलं, ते खरंच सेफ्टीसाठी होतं की काहीतरी केलंय हे दाखवायला, आणि आता एवढ्या वर्षांनी परत पाव मैल करायला काय हरकत आहे. माझं मत आधीच सांगतो, निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि परत पाव मैल करू नये. पण नुसत्या त्या ३२० फुटांनी ड्रायव्हर वाचतो असं कोणी म्हणत असेल तर तेही मला पटत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, गाड्यांचं वेड घरातूनच आलेलं, शिक्षण मेकॅनिकल. नोकरीमुळे बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहिलो आणि इंग्लिशटाउनचा ड्रॅग ट्रॅक तिथून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. पहिल्यांदा गेलो ते २००७ मध्ये, ऑफिसमधला एक मित्र घेऊन गेला. टीव्हीवर बघून काहीच कळत नाही हो, नायट्रोची गाडी सुटते तेव्हा आवाज कानाला ऐकू यायच्या आधी छातीत बसतो, खालची फळी हलते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि आपण मान वळवेपर्यंत गाडी तिकडे पोचलेली असते. पुढच्याच वर्षी, २१ जून २००८ ला, त्याच ट्रॅकवर क्वालिफाइंग (पात्रता फेरी) चालू असताना कलिटा गेला. मी त्या दिवशी तिथे नव्हतो पण बातमी कळल्यावर त्या रात्री झोप लागली नाही, कारण तो पट्टा कुठे संपतो ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कलिटा काही नवशिका नव्हता. ४६ वर्षांचा होता, १९९४ आणि १९९५ असा लागोपाठ दोनदा टॉप फ्युएलचा (नायट्रोवर धावणाऱ्या लांबट ड्रॅगस्टर गाड्यांच्या वर्गाचा) चॅम्पियन, वडील कॉनी कलिटा या खेळातलं मोठं नाव, चुलतभाऊ डग पण ड्रायव्हर. त्या दिवशी तो फनी कारमध्ये होता, म्हणजे वरून साध्या कारसारखं कवच असलेल्या नायट्रोच्या गाडीत. फिनिश लाइनच्या जवळ, ताशी ३०० मैलांच्या आसपास स्पीड असताना इंजिन फुटलं, गाडीला आग लागली, पॅराशूटनी गाडी रोखली नाही, आणि ती ट्रॅकच्या शेवटी असलेला वाळूचा पट्टा पण ओलांडून पलीकडे आदळली. माझ्यासाठी मुद्दा हा आहे की इंजिन फुटणं या खेळात नवीन नाही, तशी इंजिनं वर्षात कितीतरी फुटतात आणि ड्रायव्हर चालत बाहेर येतात. इथे एकामागून एक सगळंच हातातून गेलं आणि शेवटी त्याला थांबवायला काही उरलंच नाही.

आता १००० फुटांचा हिशोब. ताशी ३०० मैल म्हणजे सेकंदाला ४४० फूट, आपल्या भाषेत सेकंदाला साधारण १३४ मीटर. म्हणजे ३२० फूट कमी केले तर फुल थ्रॉटलचा साधारण पाऊण सेकंद कमी झाला. पाऊण सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण इंजिनचा जीव जातो तो याच शेवटच्या भागात. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडायची थांबली की आत येणारं फ्युएल जळतच नाही, सिलिंडर द्रवाने भरतो, द्रव काही दाबला जात नाही, मग पिस्टन वर आला की काहीतरी फुटणारच, आणि ते फुटलं की तेल आणि आग थेट मागच्या टायरवर आणि फनी कारमध्ये थेट ड्रायव्हरकडे, कारण इंजिन त्याच्या पुढ्यात असतं. शिवाय वाचलेले ३२० फूट म्हणजे जवळजवळ ९७ मीटर थांबायला जास्त मिळाले. इंग्लिशटाउनसारखे जुने ट्रॅक १९६५ च्या आसपासचे, तेव्हा कोणी ३०० मैलांचा विचारच केला नव्हता, जागा वाढवायची म्हटलं तरी शेवटी कुंपण, रस्ता, दुसऱ्याची जमीन काहीतरी आडवं येतं. ट्रॅक लांब करता येत नसेल तर रेस आखूड करणं हा एकच उपाय लगेच होण्यासारखा होता आणि त्यांनी तो दोन आठवड्यांच्या आत केला. २ जुलैला जाहीर केलं आणि त्याच महिन्यात डेन्व्हरजवळ बॅंडिमेअरला पहिली १००० फुटांची रेस झाली. तात्पुरतं आहे असं तेव्हा सांगितलं होतं, ते आजपर्यंत तसंच आहे. प्रो स्टॉक या नायट्रो न वापरणाऱ्या वर्गातले अजून पाव मैलच धावतात, कारण त्यांचा स्पीड बराच कमी असतो.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी समजू शकतो. पाव मैल हा या खेळाचा आत्मा आहे असं जुन्या लोकांना वाटतं, रेकॉर्ड सगळे त्या अंतराचे, बापाने पोराला शिकवलेले आकडे सगळे त्या अंतराचे. आणि त्यांचा एक मुद्दा अगदी खरा आहे, की अंतर कमी केलं पण स्पीड परत आला. २००५ मध्ये टॉप फ्युएलचा ड्रायव्हर टोनी शूमाकरने पूर्ण पाव मैलात ३३७.५८ मैलांचा स्पीड काढला होता, तो तेव्हाचा उच्चांक. आज १००० फुटांतच गाड्या ३४० च्या पुढे जातात! म्हणजे टीम्सनी क्लच, ब्लोअर, फ्युएल पंप सगळ्यावर काम करून तोच स्पीड अलीकडे आणला. स्पीडच्या वर्गाने ऊर्जा वाढते हे अकरावीचं फिजिक्स आहे, त्यामुळे ते वाचलेले ९७ मीटर आज २००८ इतके मोलाचे राहिलेले नाहीत. म्हणून परत पाव मैल करायची भाषा मला भीतीदायक वाटते, आजच्या गाडीला अजून ३२० फूट द्या आणि बघा ती कुठे पोचते.

माझ्या मते खरा फरक पडला तो लोकांना न दिसणाऱ्या गोष्टींनी. तेव्हा एनएचआरएने सांगितलं होतं की इंजिन फुटणं कमी कसं करायचं, पॅराशूट आगीत कसं टिकवायचं, ते गाडीला कसं लावायचं, आणि ट्रॅकच्या शेवटची जागा कशी असावी हे सगळं तपासणार. त्यातून पुढे आलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक शटऑफ. इंजिनमध्ये स्फोट झाला की यंत्रणा स्वतःच इग्निशन बंद करते, फ्युएल तोडते आणि पॅराशूट सोडते, ड्रायव्हरने काही करायची वाट बघत नाही. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं कारण ज्या क्षणी ड्रायव्हरला मदत लागते त्याच क्षणी तो काही करू शकत नाही. समोर आग, काचेवर तेल, कदाचित शुद्धही नाही, आणि सेकंदाला १३४ मीटर. अशा वेळी त्याने लिव्हर ओढावा ही अपेक्षाच चुकीची आहे. कोणतीही नवीन सेफ्टीची कल्पना आली की मी हेच बघतो, ड्रायव्हर बेशुद्ध असेल तरी हे चालेल का? नसेल चालत तर ती अर्धीच आहे.

अपघात झाला की त्यातून सेफ्टी सुधारायची, हे काही कलिटापासून सुरू झालेलं नाही. १९७० मध्ये डॉन गार्लिट्स या ड्रायव्हरच्या ड्रॅगस्टरचा ट्रान्समिशन त्याच्या पायाखाली फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला, त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी बनवली, १९७१ मध्ये ती जिंकायला लागली आणि थोड्याच वर्षांत सगळे ड्रॅगस्टर तसे झाले. २००४ मध्ये टायर फाटून झालेल्या अपघातात डॅरेल रसेल हा ड्रायव्हर मरण पावला, त्यानंतर इंधनातलं नायट्रोचं प्रमाण ९० वरून ८५ टक्क्यांवर आणलं आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे टायटॅनियमचं कवच आलं. (नायट्रो पुढे परत ९० झालं, हे मला अजून खटकतं.) मार्च २००७ मध्ये गेन्सव्हिलला टेस्टिंग करताना एरिक मेडलनची गाडी टायरच्या बिघाडाने इतकी जोरात थरथरली की त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि काही दिवसांत तो गेला. तो जॉन फोर्स या नामवंत फनी कार ड्रायव्हरच्या टीमचा होता, त्यांनी ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा रुंद केला, डोक्याभोवतीचं पॅडिंग बदललं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्सासला खुद्द फोर्सच्या गाडीचे दोन तुकडे झाले, हातपाय मोडले पण माणूस वाचला. मेडलनचा जीव गेला म्हणून फोर्सचा राहिला असं मला मनापासून वाटतं, आणि हे लिहिताना पण वाईट वाटतं की प्रत्येक सुधारणेच्या मागे कोणाचं तरी नाव आहे.

मला काय व्हायला हवंय ते पण सांगतो. स्पीडवर नियमाने मर्यादा हवी, आणि ती वेळोवेळी खाली आणायची तयारी हवी, कारण टीम्स स्पीड परत मिळवणारच, त्यांचं कामच ते आहे. दुसरं म्हणजे ट्रॅकला मोठ्या रेसची परवानगी देताना फिनिश लाइनच्या पुढे किती जागा आहे, वाळू किती खोल आहे, जाळी कशी आहे आणि त्या जाळीच्या मागे काय उभं आहे हे आधी बघावं, स्टँडमध्ये किती लोक बसतात ते नंतर. खर्च येतो, छोटे ट्रॅक बंद पडतील असं म्हणतात, आणि ती काळजी खोटी नाही. इंग्लिशटाउनचीच ड्रॅग रेसिंग जानेवारी २०१८ मध्ये बंद झाली, मला खूप वाईट वाटलं. पण जागाच नसलेल्या ट्रॅकवर ३०० मैलांची गाडी सोडण्यापेक्षा त्या ट्रॅकवर हळू गाड्या चालवाव्यात.

तुम्ही प्रोफाइलवर पुणे लिहिलंय म्हणून एक शेवटचं. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे इव्हेंट झालेले आहेत, आणि आपल्याकडच्या ट्यून केलेल्या गाड्या नायट्रोच्या जवळपासही नसल्या तरी ताशी २००-२५० किलोमीटर हा स्पीड माणूस मारायला पुरेसा आहे. तुम्ही किंवा तुमचे मित्र अशा कुठल्या इव्हेंटला गाडी नेणार असाल तर सकाळी लवकर पोचा आणि फिनिश लाइनच्या पुढे स्वतः पायी चालत जाऊन या, शेवटपर्यंत. ब्रेक लागला नाही तर गाडी कुठे जाईल ते डोळ्यांनी बघा. तिथे खांब, उभी गाडी, जनरेटर किंवा फोटो काढणारी पोरं दिसली तर आयोजकांना सांगून आधी हलवायला लावा, आणि हलवत नसतील तर एंट्री फीचा विचार न करता गाडी परत ट्रेलरवर चढवा.