थांबायचं कोणी ठरवायचं

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. डेहराडूनची नोकरी पक्की झाली, दोघांनीही तिकडेच राहायचं ठरवलं, याचा आनंद आहेच. पण सासऱ्यांची टाटा ४०७ ही मालवाहू गाडी नाहीतरी दिराच्या रोपवाटिकेसाठी तिकडे न्यायची आहे, तर घरचं सामान तिच्यातच भरून तुम्ही दोघांनी आलटून पालटून चालवत न्यायची, हे ऐकून मला जास्त बरं वाटलं. तुझी आई घाबरली आहे. तिची भीती मी समजू शकते, कारण मार्केट यार्डात आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा सुरू झाला तेव्हा माझ्या आईचाही जीव असाच खालीवर व्हायचा. यांच्या शेजारी बसून मी बराच मुलूख पाहिला, पुढे स्टिअरिंगवरही बसले. त्या जोरावर हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. गाडी कधी थांबवायची हे चालवणाऱ्याने ठरवायचं नाही, शेजारी बसलेल्याने ठरवायचं. त्याने "थांबू या" म्हटलं की पुढच्या पंपावर गाडी आत घ्यायची. "का" विचारायचं नाही, "अजून वीस किलोमीटर जाऊ" म्हणायचं नाही. हा करार पुण्यातून निघण्याआधी करा आणि तो दोघांना सारखाच लागू ठेवा. तू चालवत असशील तेव्हा त्याचा शब्द शेवटचा, तो चालवत असेल तेव्हा तुझा.

याचं कारण असं, की दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे सगळ्यात शेवटी कळतं. शेजारच्याला ते आधी दिसतं. आमच्या यांचं मी पाहिलेलं आहे. शिवपुरीच्या पुढे, जेवण झाल्यावरचा रस्ता. आधी गप्पा चालायच्या, मग उत्तरं आखूड व्हायची, मग नुसतं "हं". त्यानंतर गाडी डावीकडच्या पांढऱ्या पट्टीला हळूच चाटून परत यायची आणि पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट लागले तरी यांचा पाय जरा उशिराने पडायचा. डोळे उघडेच असायचे. विचारलं तर म्हणायचे, "मी ठीक आहे." आणि ते मनापासून म्हणायचे. म्हणून बाजूच्या सीटवर मोबाइल बघत बसायचं नाही, झोपायचं नाही. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते पाच या वेळा झोपेच्या. रात्री चालवूच नका. १९६१ सालचा मोटर वाहतूक कामगार कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात पगारी ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. तुम्ही पगारी नाही आणि तुम्हाला सवयही नाही, तेव्हा दोघांचे मिळून आठ तास धरा.

त्या हिशेबाने मुक्काम आखा: धुळे, इंदूर, गुना, आग्रा आणि मग डेहराडून. चार मुक्काम ऐकून तुझा नवरा कुरकुर करेल. कारने तो यापेक्षा लवकर गेला असेल, पण भरलेली ४०७ म्हणजे कार नाही. चौपदरी रस्त्यावरही मालवाहू गाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे, आणि तुम्ही पन्नास-साठच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे.

कधी निघायचं, हे विचारलं होतंस. दिवाळी झाली की लगेच. डिसेंबरच्या मध्यानंतर मेरठ-मुझफ्फरनगर पट्ट्यात असं धुकं पडतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. पावसाळ्याचा विचार तर सोडूनच दे. शिवाय तिकडचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, तेव्हा हरिद्वारहून गंगाजल घेऊन येणाऱ्या कावडींसाठी मेरठ, मुझफ्फरनगर, रुडकीचे रस्ते ट्रकना बंद होतात. दिल्लीत शिरू नका. मथुरेहून पलवलला या, तिथून ईस्टर्न पेरिफेरल हा दिल्लीबाहेरून जाणारा द्रुतगती मार्ग धरा आणि दुहाईला उतरून मेरठकडे वळा.

उताराबद्दल मात्र बैजवार लिहिते, कारण पुण्यातच आपण रोज त्याचे परिणाम वाचतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुला माहीत आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, आणि पुलाजवळ पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. उताराला लागण्याआधीच गिअर खाली घ्यायचा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरू द्यायची. इंजिन रडल्यासारखा आवाज करेल, करू दे. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. संगमनेरच्या आधी चंदनापुरी घाट आहे, तिथे पहिल्याच दिवशी हे लागेल. शेवटच्या दिवशी मोहंडचा चढ चढून डाटकाली बोगद्यापलीकडे पुन्हा लागेल, तेव्हा तुम्ही दमलेले असाल. उतार सुरू होताना शेजारच्याने मोठ्याने विचारायचं, "कुठल्या गिअरमध्ये आहेस?"

सामान भरताना जड वस्तू खाली आणि पुढे, केबिनच्या पाठीला टेकवून. लोखंडी कपाट आणि पुस्तकांचे खोके आधी, गाद्या आणि कपडे वर. पुस्तकांना लहान खोके घे, मोठा भरलास तर दोघांनाही उचलणार नाही. फ्रिज उभाच ठेवा. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर त्याचा ड्रम आवळायचे बोल्ट शोध, मशीन आलं तेव्हा काढून कुठेतरी ठेवले असतील. ते न लावता नेलंस तर ड्रम खिळखिळा होईल. गॅस सिलिंडर गाडीत अजिबात नको. तो आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून कागद घे, त्यावर तिकडे कनेक्शन मिळतं. ताडपत्रीवरून दोर कितीही आवळला तरी सामान बसलं की तो सैल पडतो. म्हणून मंचरला चहाला थांबा आणि चहाच्या आधी दोर पुन्हा आवळा.

प्रत्येक थांब्यावर उतरून गाडीभोवती एक फेरी. मागे जोडटायर आहेत. त्यातलं आतलं टायर बसलं तर वरून कळत नाही, बाहेरचं एकटं वजन ओढत राहतं आणि मग तेही फुटतं. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, दोन्हींवर ठोका. हवा असलेलं टायर टणक वाजतं, बसलेलं बद्द वाजतं. दोन टायरच्या मध्ये दगड अडकलाय का बघा. हाताची पालथी बाजू चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या, एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय, मेकॅनिक गाठा. ही फेरी जो चालवत नव्हता त्याने घालायची.

कागदांचं थोडक्यात. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पण ४०७ ला परराज्यात नॅशनल परमिट लागतं. सासऱ्यांना त्याची मुदत बघायला सांग, फिटनेस, विमा आणि पीयूसीचीही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी सामानाची यादी सही करून जवळ ठेव. आणि वाटेत कोणालाही केबिनमध्ये घेऊ नका, कितीही दया आली तरी. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नसतं. महामार्गावर काही झालं तर १०३३ ला फोन करा.

आता फक्त तुझ्यासाठी. बायका लांबच्या प्रवासात पाणी प्यायचं टाळतात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. तू असं करू नकोस. ४०७ च्या केबिनमध्ये इंजिनची धग सतत पायांशी असते, दुपारपर्यंत डोकं जड होतं आणि मग तुझ्या हातात गाडी देणं बरोबर नाही. मोठ्या कंपन्यांच्या पंपांवर स्वच्छतागृह असतं, मागायला लाजू नकोस. "मला जायचं आहे" हेही थांबायचं पुरेसं कारण आहे. करारात ते धरलेलंच आहे, हे नवऱ्याला आधी सांगून ठेव. तो समजूतदार आहे, पण माणूस पोचायच्या घाईत असला की समजूत मागे पडते. भांडण होईलच कधीतरी, केबिन लहान असते. तेव्हा भांडण थांबवायचा प्रयत्न करू नका, गाडी थांबवा.

चाकणच्या तळेगाव चौकातून उजाडायच्या आत बाहेर पडायचं, म्हणजे पुण्यातून पहाटे पाचला निघा. आदल्या रात्री सामान भरत बसू नका, दोन दिवस आधी भरा आणि एक पूर्ण रात्र झोपा.

आणि त्याच्याही आधी, येत्या रविवारी सकाळी सहाला रिकामी नको, वाळूची पोती टाकून गाडी घेऊन माझ्याकडे या, दोघंही. आमचा जुना ड्रायव्हर येईल. खेड शिवापूरपर्यंत जाऊ आणि येताना नव्या बोगद्यातून उतरू, अर्धं तू चालव, अर्धं तो. मी मागच्या गाडीत असेन. जोडे घालून ये, चपला नकोत.

तुझी
काकू