हेलन फ्रँकेन्थेलर यांच्या ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रावर कोणाचा प्रभाव आहे?

अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रँकेन्थेलर यांच्या ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) या चित्रावर सर्वांत ठळक प्रभाव अमेरिकन अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचा आहे. मात्र रंगांचा पारदर्शक हलकेपणा मला फ्रेंच चित्रकार सेझानच्या जलरंगांच्या अधिक जवळचा वाटतो. कॅनव्हास जमिनीवर अंथरून चहूबाजूंनी काम करण्याची पद्धत पोलॉक यांची, आणि त्यांच्या १९५१ च्या काळ्या चित्रांत रंग कापडात मुरलेलाही दिसतो. परंतु फ्रँकेन्थेलर यांनी टर्पेंटाइनने पातळ केलेले गुलाबी, निळे, हिरवे तैलरंग अस्तर न लावलेल्या कापडावर ओतून तेच तंत्र रंगांच्या विस्तीर्ण डागांसाठी वापरले. कोळशाच्या मोजक्या रेषा त्यांतून अजूनही डोकावतात. तरीही सारे श्रेय पूर्वसुरींना देता येणार नाही, कारण त्याच उन्हाळ्यात कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर केलेली निसर्गचित्रे या चित्रामागे असल्याचे फ्रँकेन्थेलर यांनी स्वतःच सांगितले आहे.