रोजच्या बॅगेत काय ठेवावं? आधी फोन बंद आहे असं धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बडोद्याला आलात, राहायला कारेलीबाग, ऑफिस अलकापुरीत, जा-ये स्कूटरवर. अडीअडचणीसाठी रोज जवळ काय बाळगावं हे शोधायला गेलात तर व्हिडिओंमध्ये मल्टिटूल (चाकू-पकड एकत्र असलेलं हत्यार), पॅराकॉर्ड (मजबूत नायलॉनची दोरी), टॅक्टिकल पेन (धातूचं दणकट पेन) दिसले. त्यातलं खरंच काय लागतं, आणि पर्समध्ये काय मावेल?

मी जन्मापासून दांडिया बाजारात राहतो आणि वीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुमचं घर आणि ऑफिस. त्या दोघांच्या मध्ये विश्वामित्री नदी आहे आणि रेल्वेही आहे. जोराच्या पावसात अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, भरतं आणि नदी चढली की काळा घोड्याकडचा पूल बंद करतात. म्हणजे तुमच्यासाठी आणीबाणी बहुतेक वेळा अशी येईल: ऑफिस सुटलंय, घर पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि तिकडे जायला रस्ता नाही. वस्तू निवडायच्या त्या हे चित्र डोळ्यासमोर ठेवून.

माझ्यावर ती वेळ ३१ जुलै २०१९ ला आली. त्या दिवशी बडोद्यात सुमारे २० इंच पाऊस पडला. मी कारखान्याच्या कामासाठी अलकापुरीत गेलो होतो. संध्याकाळी गरनाळ्यापर्यंत आलो तर पाणी वरपर्यंत. मागे वळलो, एका कॉम्प्लेक्सच्या जिन्यात शिरलो. तिथे आधीच दहा-बारा जण बसले होते. फोन ११ टक्क्यांवर होता. घरी लागेना, मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो, आणि तासाभरात तो बंद पडला.

वॉचमनने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, करा साहेब घरी. मी फोन हातात धरून उभा राहिलो आणि मला बायकोचा नंबर आठवेना. पहिले पाच आकडे आले, पुढचे नाहीत. आठवला तो आमच्या जुन्या घरच्या लँडलाइनचा नंबर, जो बंद होऊन बारा वर्षं झाली होती. घरी आई आणि बायको रात्रभर जाग्या होत्या. मी सुखरूप आहे, कोरड्या जागी बसलोय, एवढं एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवता आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच जिन्यात एक वयस्कर गुजराती काका होते. त्यांनी पाकिटातून दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. चार घड्यांचा, कडा मऊ पडलेला, पेन्सिलने लिहिलेले सात-आठ नंबर. वॉचमनच्याच फोनवरून त्यांनी मुलाला निरोप दिला आणि कागद होता तसा परत गुंडाळून ठेवला. माझ्या खिशातली छोटी डायरी मी उघडली तर जेल पेनाने लिहिलेलं सगळं पसरून निळा डाग झाला होता. पेन्सिल पाण्याने पुसत नाही हे शाळेपासून माहीत असलेलं मला त्या रात्री पटलं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. फोन बंद आहे असं धरा, मग एकेक वस्तू निवडा. नंबर, पैसे, उजेड, ओळखपत्र, रस्ता, मदतीची हाक, हे सगळं आपण फोनवर टाकून मोकळे झालोय. तो गेला की हे सगळं एकदम जातं.

तेव्हा पहिली वस्तू कागद. पेन्सिलने लिहा: तुमचं नाव, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती, रोजच्या गोळ्यांची नावं डोससकट, घरमालकांचा नंबर, ऑफिसमधल्या एकीचा, आणि बडोद्याबाहेरच्या एका माणसाचा. बाहेरचा नंबर मुद्दाम सांगतोय. शहरात सगळे एकाच वेळी फोन लावत असतात तेव्हा इथल्या इथे कॉल लागत नाही, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. आमच्याकडे ते काम पुण्याच्या ताईकडे आहे. सगळ्यांनी ताईला मेसेज करायचा, ती ज्याचा फोन लागेल त्याला कळवते. १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन आणि ११२ हेही लिहा. घाबरल्यावर पाठ असलेलंही आठवत नाही. असे दोन कागद करा, एक पर्समध्ये आणि एक स्कूटरच्या डिकीत. आधार कार्डाची झेरॉक्स त्याच प्लास्टिकमध्ये राहू द्या.

दुसरी वस्तू रोख पैसे. नेटवर्क नसलं की यूपीआय नसतं. मी पाचशे रुपये ठेवतो, शंभरच्या आणि पन्नासच्या नोटांत. पाचशेची एकच नोट त्या वेळी उपयोगाची नाही, रिक्षावाल्याकडे सुटे नसतात. हे पैसे भाजीला मोडायचे नाहीत, म्हणून ते कागदासोबत बांधूनच ठेवा.

पॉवर बँक घ्या, पण तिच्या आकड्यावर जाऊ नका. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा असतो. फोनला द्यायला तो ५ व्होल्टवर चढवताना काही भाग उष्णतेत जातो आणि हातात साधारण सहा ते साडेसहा हजार उरतात. म्हणजे ५,००० च्या बॅटरीचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. रोज बाळगायला तेवढी पुरे. २०,००० वाली जड होते, आणि जड वस्तू आठवड्याभरात घरी राहायला लागते. उन्हाळ्यात ती डिकीत विसरू नका, लिथियमच्या सेलला ती उष्णता सोसत नाही. पॉवर बँक फुगलेली दिसली की वापरणं त्याच दिवशी बंद. वायर मात्र जवळ ठेवा, छोटीशी, दुहेरी तोंडाची. पॉवर बँक आहे आणि वायर ऑफिसच्या टेबलावर, हे मी फार जणांचं पाहिलंय.

टॉर्च वेगळा हवा. फोनचा टॉर्च फोनच संपवतो. एका पेन्सिल सेलवर चालणारा, बोटाएवढा एलईडी टॉर्च हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे बॅगेत बटण दाबलं गेलं तरी उतरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. साधे सेल गळतात, हिरवट पांढरी भुकटी धरते आणि टॉर्च कायमचा जातो. मेंटेनन्समध्ये असे टॉर्च मी ढिगाने फेकलेत.

शिट्टी किल्लीला अडकवा. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी फुंकायला दम कमी लागतो आणि आवाज दूर जातो. ठरावीक अंतराने तीन-तीन वेळा वाजवणं ही मदतीची खूण जगभर ओळखतात. आत गोळी नसलेली घ्या, गोळीची शिट्टी पाणी गेल्यावर अडकू शकते.

आता पाण्यात चालण्याबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठा माणूस पडू शकतो, आणि एक फूट असलं तर छोटी गाडी वाहून जाऊ शकते. पाणी गढूळ असतं, खाली गटाराचं झाकण उघडं असू शकतं. त्यामुळे पावसाळ्यात फोल्डिंग छत्रीऐवजी जुन्या पद्धतीची लांब छत्री घ्या. तिच्या टोकाने पुढची जमीन चाचपता येते, पॅराकॉर्डने येत नाही. पायात मागून पट्टा असलेलं सँडल असू द्या. विजेचा खांब, डीपी, लोखंडी जाळी यांच्यापासून लांब चाला, आणि तोल गेला तरी खांबाला हात लावायचा नाही. हे मी विजेचं काम करणारा माणूस म्हणून हात जोडून सांगतोय. आणि रात्री नदीकाठच्या पाण्यात उतरूच नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, गोष्टीतल्या नाही, खऱ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोड्याला धोक्याची खूण २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, आणि तेव्हा मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या.

पाण्यातून यावंच लागलं तर पायावरची जखम आधी वॉटरप्रूफ पट्टीने झाका, घरी आल्यावर साबणाने पाय धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की पुराच्या पाण्यातून चाललो होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि ते सांगितलं नाही तर साधा ताप समजून दिवस जातात.

औषधांत फार भरू नका. दोन दिवसांच्या स्वतःच्या गोळ्या, मूळ पट्टीतच, सुट्या नाहीत. ओआरएसचं एक मोठं पाकीट, जे अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं असतं. ग्लासभर पाण्यात अर्धं अंदाजाने ओतणं चुकीचं. ते उन्हाळ्यात जास्त लागेल, मे महिन्यात इथली दुपार सोपी नसते. दोन गॉजचे पॅड आणि एक क्रेप बँडेज. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, आमच्या आईसारखं, तर वीज गेल्यावर ते बर्फात पुरू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालतं, पण किती दिवस आणि किती तापमानापर्यंत ते त्याच्या कागदावर बघा. २०२४ ला वीज गेली तेव्हा आईचं इन्सुलिनचं पेन आम्ही माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवलं होतं.

गॉज कशाला, ते तुम्हाला जानेवारीत कळेल. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आसपास स्कूटर चालवणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका आडव्या आलेल्या मांजाचा. तो दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी फतेहगंजच्या पुलावर माझ्यापुढचा मुलगा अचानक थांबला, हनुवटीखाली हात, बोटांमधून रक्त. मी गॉज ठेवून तळव्याने दाबलं आणि दाबूनच ठेवलं. बघायला म्हणून उचलायचं नाही, रक्त वर आलं तर त्यावरच दुसरा पॅड. मानेला पट्टी गुंडाळायची नाही, फक्त हाताने दाब. १०८ येईपर्यंतची मिनिटं फार लांब वाटली, पण तो वाचला. डिसेंबर संपताच स्कूटरच्या हँडलवर तारेचा कमानीसारखा गार्ड बसवून घ्या, इथे रस्तोरस्ती मिळतो, आणि गळ्याभोवती जाड सुती स्कार्फ नीट गुंडाळा, टोकं आत खोचून.

तुम्ही मास्कचंही विचारलंय, नंदेसरीकडे कारखाने आहेत म्हणून. एन-९५ ठेवा, धुराचे कण अडवतो, पण गॅस अडवत नाही हे लक्षात असू द्या. गॅसचा उग्र वास आला तर त्याच्या दिशेने किंवा वाऱ्यासोबत पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. क्लोरीनसारखे वायू हवेपेक्षा जड असतात, म्हणून तळघरात किंवा सखल जागी थांबायचं नाही.

मल्टिटूल मला कामावर लागतं, तुम्हाला छोटी कात्री पुरेल. टॅक्टिकल पेन सोडून द्या, त्या पैशात टॉर्च, शिट्टी आणि गॉज येतात. विमानाने जाणार असाल तर चाकू केबिन बॅगेत चालत नाही, आणि पॉवर बँक उलट केबिन बॅगेतच ठेवावी लागते.

माझं सगळं सामान एका जाड झिपच्या पिशवीत बसतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर पाण्याची बाटली सोडून सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पॉवर बँक चार्ज करतो आणि गोळ्यांच्या तारखा बघतो.

एक गोष्ट बॅगेत मावणारी नाही, पण ती आधी करा. अलकापुरीच्या बाजूला, म्हणजे नदी आणि रेल्वे न ओलांडता जिथे पोचता येईल असं एक घर ठरवून ठेवा. ऑफिसातली मैत्रीण, लांबची मावशी, कुणीही. तिला आत्ताच विचारा, की पुराच्या दिवशी रात्रीपुरती येऊ का. नदी किती चढली हे पावसाळ्यात बातम्यांत रोज येतं. २० फुटांच्या पुढे चढतेय असं ऐकलं की मी आता घरी जायची घाई करत नाही, तिकडेच थांबतो. तो पत्ताही कागदावर लिहा. माझ्या कागदावर सहाव्या ओळीत त्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमनचा नंबर आहे. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन जातो.