विषयांची यादी बाजूला ठेव

प्रिय मुली,

प्रबंधाचा आराखडा वाचला. दुष्काळ, सीमा, अपंगत्व, संमती असे रकाने, आणि प्रत्येकात दोन-दोन आयरिश किशोर कादंबऱ्या. खाली तुझा प्रश्न: ‘सर, यातला कोणता विषय घेऊ?’ कोणताच घेऊ नकोस. विषय म्हणजे पुस्तक नव्हे.

मारिटा कॉनलन-मॅकेना यांची १९९० ची ‘अंडर द हॉथॉर्न ट्री’ तू दुष्काळात टाकलीस. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, हे इतिहासाच्या पुस्तकातही मिळतं. कादंबरीत मात्र पोटात अन्नाचा कण नसलेली भावंडं जिवंत गायीची शीर कापून रक्त काढतात. ते पान पुन्हा वाच. लेखिका हळहळत बसलीय का तिथे?

‘वन’ तर तू अपंगत्वात कोंबलीस! सारा क्रॉसनच्या या मुक्तछंदातल्या कादंबरीला २०१६ चं कार्नेगी पदक, म्हणजे ब्रिटनमधला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. ग्रेस आणि टिप्पी जन्मापासून शरीराने जोडलेल्या, पण ‘मी’ म्हणून बोलते ती एकटी ग्रेस. टिप्पीच्या मनात आपल्याला शिरताच येत नाही. सगळं पुस्तक या एका निवडीवर उभं आहे, आणि तुझ्या आराखड्यात तिचा उल्लेखही नाही. राग येतो गं, कारण तुला हे दिसतं, मला ठाऊक आहे.

माझंही बालपुस्तकांवर सदर होतं. प्रत्येक परीक्षणाखाली ‘मुलांनी यातून काय घ्यावं’ अशी ओळ हवी, असा संपादकांचा आग्रह. मी ती लिहिली नाही. सदर गेलं, कितीतरी चांगल्या पुस्तकांवर लिहायचं राहून गेलं, त्याची रुखरुख आजही आहे. लोक हट्टी म्हणाले. म्हणू देत. ती ओळ लिहीत राहिलो असतो, तर आज तुला हे सांगायला मला तोंड उरलं नसतं. विषय म्हणजे पुस्तक नव्हे, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

तू शिवॉन डाउडची ‘बॉग चाइल्ड’ घे. साल १९८१, उत्तर आयर्लंडची सीमा. त्या वर्षी तुरुंगातल्या उपोषणात दहा कैदी खरोखर मेले. कादंबरीतला फर्गस पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, उपसायला गेलेला असताना त्याला दलदलीत एका मुलीचं प्राचीन प्रेत सापडतं. त्याचा भाऊ तुरुंगात अन्न सोडतो. आणि फर्गसला डॉक्टर व्हायचंय, परीक्षा तोंडावर आलीय. हे सगळं एकाच मुलाच्या अंगावर एकदम येतं, त्याचे रकाने कसे पाडशील?

पहिलं प्रकरण सावकाश वाच. फर्गसला काय ठाऊक नाही, लेखिका कुठे गप्प बसते, तेवढंच टिपून ठेव. तुझ्या मार्गदर्शक बाई विषय विचारतील, तेव्हा ही टिपणं त्यांच्यापुढे ठेव. धीर सुटला तर फोन कर, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो. रविवारपर्यंत चार पानं पाठव.

तुझे,
सर