राष्ट्रपती, अध्यक्ष आणि गुजरातीतले 'प्रमुख'

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलं आहे: "मुलगी गुजराती माध्यमात अकरावीला आहे. तिच्या वाचनात अमेरिकेचे 'प्रमुख' येतात, हिंदी बातम्यांत 'अमेरिका के राष्ट्रपति' आणि घरी येणाऱ्या मराठी अंकात 'अमेरिकेचे अध्यक्ष'. तिचे आजोबा म्हणतात, सगळं एकच, काहीही लिही. मराठीत 'अमेरिकेचे राष्ट्रपती' लिहिलं तर चुकेल का?"

ताई, व्याकरणाने चुकणार नाही. पण मी तसं लिहीत नाही, आणि तुमच्या लेकीनेही लिहू नये असं मला मनापासून वाटतं. मराठीने या दोन शब्दांची वाटणी करून ठेवली आहे. दिल्लीतले राष्ट्रपती, वॉशिंग्टनमधले अध्यक्ष. गुजरातीतही असंच आहे: भारताचे राष्ट्रपति, अमेरिकेचे प्रमुख. हिंदी बातम्या तेवढ्या दोघांना एका शब्दात बसवतात. आणि ही वाटणी नुसत्या सवयीची नाही, दोन्ही पदांची कामंच वेगळी आहेत.

आजोबांना एक आठवण विचारा. १९७४ साली नवनिर्माण आंदोलनात चिमणभाई पटेलांचं सरकार गेलं आणि गुजरातेत राष्ट्रपती राजवट आली. राजवट राष्ट्रपतींच्या नावाची, पण कारभार पाहिला राज्यपालांनी, आणि त्यांच्यामागे होतं दिल्लीतलं मंत्रिमंडळ. नाव एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा, हे आपल्या राष्ट्रपतिपदाचं स्वरूपच आहे. अमेरिकेत नावही अध्यक्षाचं आणि निर्णयही त्याचाच. म्हणून तिथल्या व्यवस्थेला मराठीत 'अध्यक्षीय' पद्धती म्हणतात. 'राष्ट्रपती पद्धती' म्हटलं की मराठी कानाला राष्ट्रपती राजवटच ऐकू येते. गुजरातीत 'प्रमुखशाही' म्हणतात, आणि हिंदीची पाठ्यपुस्तकंसुद्धा पद्धतीचं नाव घेताना 'अध्यक्षात्मक' लिहितात.

'राष्ट्रपती' हा शब्द राज्यघटनेच्या आधीपासून प्रचारात होता, पण वेगळ्याच माणसासाठी. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षांना राष्ट्रपती म्हणत. १९३८ साली तापीकाठी हरिपुऱ्याला अधिवेशन झालं, तेव्हाचे राष्ट्रपती सुभाषबाबू. माळ्यावरच्या ट्रंकेतून त्या काळचा एखादा अंक निघाला तर हे लक्षात असू द्या. पुढे घटनेत हाच शब्द आला, आणि आला तो इंग्लंडच्या राजासारख्या जागेवर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी ते स्वच्छ सांगितलं होतं: अमेरिकेच्या पदाशी आपल्या पदाचं साम्य नावापुरतं, आपले राष्ट्रपती देशाचं प्रतिनिधित्व करतात, देशावर राज्य करत नाहीत. बडोद्याने १९१३ साली ज्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तोच हे सांगत होता. अमेरिका त्याने राहून पाहिली होती. हे भाषण वाचताना बडोदेकर म्हणून माझा ऊर भरून येतो.

त्याच भाषणात दोन्ही पद्धतींची तुलना आहे, आणि मला ती आजही सगळ्यांत उजवी वाटते. कारभाऱ्यांत स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारखी साधत नाहीत. अमेरिकेत स्थैर्य अधिक, कारण अध्यक्षाचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. आपल्या संसदीय पद्धतीत तो रोज होतो: प्रश्न, ठराव, चर्चा, अविश्वास. आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त मान दिला. हा रोजचा हिशेब किती कडक असू शकतो ते १७ एप्रिल १९९९ रोजी दिसलं. विश्वासदर्शक ठरावावर वाजपेयींच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. एका मताने सरकार गेलं. अमेरिकेत संसदेचं बहुमत उलटलं तरी अध्यक्ष चार वर्षं जागेवरच राहतात. त्यांना काढायचा मार्ग महाभियोगाचा, आणि सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, दोषी ठरवून पदावरून दूर केलेला अध्यक्ष आजवर एकही नाही. निक्सन १९७४ साली गेले ते स्वतः राजीनामा देऊन.

आता 'अध्यक्ष' तिथे शोभतो का? माझ्या मते उत्तम शोभतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचं, म्हणजे भागाचं, नावच 'अध्यक्षप्रचार' आहे. शुल्काध्यक्ष जकात बघायचा, सीताध्यक्ष राजाची शेती. म्हणजे तिथला अध्यक्ष हा खातं चालवणारा माणूस. नुसता खुर्ची भूषवणारा अध्यक्ष आपल्या ओळखीचा झाला तो सभा-संमेलनांमुळे. लोकसभेचे अध्यक्ष सभागृह चालवतात, सरकार नव्हे, ही अडचण आहे खरी, पण वाक्यात 'लोकसभेचे' किंवा 'अमेरिकेचे' आलं की घोटाळा उरत नाही. मात्र 'पती' या शब्दावरून अधिकार ओळखायला जाऊ नका. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, विद्यापीठ चालवतात कुलगुरू. गुजरातीत विद्यापीठ चालवणाऱ्यालाच कुलपति म्हणतात. तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांना विद्यापीठाची बातमी सांगताना जपून.

अमेरिकेच्या बातम्यांत 'मंत्री' आणि 'सचिव' यांचाही गोंधळ होतो. तिथल्या परराष्ट्र खात्याचा प्रमुख शब्दशः 'सेक्रेटरी' असतो, म्हणून काही जण 'परराष्ट्र सचिव' लिहितात. आपल्याकडे परराष्ट्र सचिव म्हणजे सनदी अधिकारी, त्यामुळे वाचकाची फसगत होते. 'परराष्ट्रमंत्री' हेच बरं. फरक एवढाच ध्यानात ठेवावा की आपल्याकडे मंत्री खासदार असावाच लागतो, नसला तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. तिथे उलट, एका वेळी दोन्ही होता येत नाही. हिलरी क्लिंटन २००९ साली परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली.

'पंतप्रधान' आणि गुजरातीतला 'वडाप्रधान' यांत अर्थाचा फरक नाही. पण 'पंत' लागलं की मराठी माणसाला पेशवे आठवतात: गादी साताऱ्याला, कारभार पुण्याहून. गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा ही गोष्ट आपल्याला म्हणूनच परकी वाटत नाही. मात्र ती संसदीय पद्धत नव्हती. पेशव्यांना जाब विचारणारी सभा कुठे होती?

आणि नुसती सभा असूनही भागत नाही. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०८ साली धारासभा आली. 'धारासभा' या शब्दावरून घडलेला 'धारासभ्य' आजही गुजरातेत आमदारांसाठी चालतो, आणि आपणही घरात तोच बोलतो. मात्र दिवाण नेमायचा की बदलायचा हे महाराजांच्या हाती होतं, धारासभेच्या नाही. सभेने विश्वास काढून घेतला की कारभारी घरी, ही तरतूद असेल तर ती संसदीय पद्धत. तुमच्या लेकीला व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही खूण सांगा.

मराठीची वाटणी सगळीकडे नेमकी बसते असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीच्या प्रमुखाचं पद आपल्या राष्ट्रपतींसारखंच मानाचं, सत्ता चॅन्सेलरकडे, म्हणजे तिथल्या पंतप्रधानांकडे. तरी मराठीत त्यांनाही 'अध्यक्ष' लिहितात, आणि वाचकाला वाटतं, तेच देश चालवतात. फ्रान्समध्ये थेट निवडून आलेले अध्यक्ष आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान, दोघेही आहेत. तिथे 'अध्यक्ष' बरोबर आहे, कारण त्यांच्या हाती खरी सत्ता आहे. जर्मनी, इटली, आयर्लंड यांच्या बाबतीत मी 'राष्ट्राध्यक्ष' लिहितो आणि पहिल्या उल्लेखाला 'नामधारी' जोडतो. कुणी तिथेही 'राष्ट्रपती' लिहिलं तर मी खोडणार नाही, कामाच्या दृष्टीने ते जवळचंच आहे.

तर ताई, उत्तरपत्रिका गुजरातीत असेल तिथे तिने खुशाल 'प्रमुख' लिहावं. मराठीत लिहिताना भारताचे राष्ट्रपती, अमेरिकेचे अध्यक्ष. आणि आजोबांना विचारा, १९७४ च्या त्या महिन्यांत बडोद्यातले लोक कुणाचं राज्य आहे म्हणायचे. काय म्हणाले ते मला जरूर कळवा.