तुझे दोन वाढदिवस

प्रिय सोनू,

परवा झोपताना तू दोन प्रश्न विचारलेस. आजी म्हणते तुझा वाढदिवस दसऱ्याला आणि शाळेत सगळे म्हणतात ११ ऑक्टोबरला, मग खरा कोणता? आणि मंडळाच्या कार्यक्रमात एक काकू म्हणाल्या की मेणबत्ती विझवणं अशुभ, ती आपली पद्धत नव्हे. मग केकवर फुंकर मारलीस ते चुकलं का? झोपेच्या वेळी दोन वाक्यांत उरकण्यासारखे हे प्रश्न नाहीत, म्हणून लिहून देतो. अडेल तिथे आईला विचार.

आधी तारखेचं. तू जन्मलीस ११ ऑक्टोबर २०१६ ला, आणि त्या दिवशी दसरा होता, आश्विन शुद्ध दशमी. दोन्ही खरे. पंचांगातले महिने चंद्रावर चालतात आणि असे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात. त्यामुळे तिथी दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते. २०२३ ला दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ऑक्टोबरला, गेल्या वर्षी, २०२५ ला, २ ला. हे असंच चाललं असतं तर दसरा ऐन पावसाळ्यात आला असता. म्हणून अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. यंदा, २०२६ ला, ज्येष्ठ अधिक होता. आजीने जावयासाठी, म्हणजे माझ्यासाठी, पुण्याहून अनारसे पाठवले होते ना, ते त्याचेच! त्या महिन्यामुळे यंदाचा दसरा २० ऑक्टोबरवर गेला. १९ वर्षांत चंद्राचे २३५ महिने जवळपास अचूक बसतात, त्यामुळे २०३५ साली, तू १९ वर्षांची होशील तेव्हा, तुझी तारीख आणि तिथी पुन्हा भेटतील. एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पडला. शिवजयंतीचंही असंच आहे. सरकारी १९ फेब्रुवारीला, आणि तिथीने मानणाऱ्यांची फाल्गुन वद्य तृतीयेला.

आता औक्षण. पाटाभोवती रांगोळी, डोक्यावर टोपी, कपाळाला कुंकू आणि अक्षता. मग तबकातली सुपारी आणि सोन्याची अंगठी तोंडाभोवती ओवाळायची, मग निरांजन, आणि शेवटी तोंडात साखर. तू दर वेळी निरांजनाकडे बघत डोळे बारीक करतेस. अलीकडे मोबाईलवर फिरतं की औक्षणाच्या ज्योतीने हवेतले जंतू मरतात. मला ते पटत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. ओवाळण्याचा अर्थ साधा आहे: हे माणूस आम्हाला हवं आहे, ह्याला खूप आयुष्य मिळू दे.

हे मी मनाने सांगत नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ नावाचा ग्रंथ लिहिला. कोणत्या दिवशी काय करावं हे ठरवायला महाराष्ट्रात तो अजून काढतात. त्यात वाढदिवसाचा विधी आहे. जन्मतिथीला अंगाला तीळ लावून अंघोळ करायची. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम ह्या चिरंजीवांची आणि मार्कंडेयाची पूजा करायची. मार्कंडेय म्हणजे तोच मुलगा, ज्याला सोळाच वर्षांचं आयुष्य होतं आणि ज्याने शंकराच्या पिंडीला मिठी मारून यमाला परत पाठवलं. मग तीळ आणि गूळ घातलेलं दूध अर्धी ओंजळ प्यायचं. षष्ठीचीही पूजा करायची, म्हणजे आपली सटवाई, बाळाच्या सहाव्या रात्री येणारी. त्या दिवशी नखं-केस कापायचे नाहीत आणि भांडायचं नाही. (हे शेवटचं तुझ्या दादालाही वाचून दाखव.) आणखी एक गंमत म्हणजे पहिलं वर्षभर हा विधी दर महिन्याच्या जन्मतिथीला करायला सांगितलाय.

दर महिन्याला का, ते कळलं तर सगळंच कळेल. तेव्हा देवीच्या रोगाने, तापाने, जुलाबाने फार मुलं जायची. लस नव्हती, सलाईन नव्हतं. मूल एक महिन्याचं झालं, दोन महिन्यांचं झालं, हीच मोठी गोष्ट होती. चिरंजीवांची नावं घेणारे ते आईबाप घाबरलेले होते, सोनू. त्यांच्याजवळ दूध, तीळ, दिवा आणि प्रार्थना होती, ती सगळी त्यांनी मुलापुढे ठेवली.

आणि आता मेणबत्ती. आपण जिथे राहतो त्या जर्मनीतलीच ही रीत आहे आणि तीही जुनी आहे. १७४६ साली मारिएनबोर्न इथे त्सिन्झेनडोर्फ नावाच्या सरदाराच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल एवढा मोठा केक केला होता. जेवढी वर्षं तेवढी भोकं, प्रत्येकात एक मेणबत्ती, आणि मधोमध आणखी एक. तुझ्या बालवाडीतलं, वाढदिवसाच्या मेणबत्त्या लावायचं लाकडी कडं आठवतं? त्याच्याही मधोमध जाड मेणबत्ती असायची, तीही तुझ्या आयुष्यासाठीच. गेल्या वर्षी दसऱ्याला, ११ तारखेच्या नऊ दिवस आधी, आजीने फोनवर शुभेच्छा दिल्या तेव्हा शेजारच्या ओमा, म्हणजे जर्मन आजी, किती कासावीस झाल्या! इथे वाढदिवसाआधी शुभेच्छा देत नाहीत, काही अघटित घडेल म्हणून. ‘धर्मसिंधु’च्या काळातल्या आईची भीती आणि ओमांची भीती एकच आहे. तेव्हा काकूंना मान दे, पण फुंकर बिनधास्त मार. निरांजन मात्र फुंकायचं नाही. ते देवापुढे नेऊन ठेवायचं आणि आपोआप शांत होऊ द्यायचं, त्याची रीत तशी आहे.

एक गोष्ट मात्र मी तुला देणार नाही. ओवाळायचं ते सुवासिनींनीच, असं पूर्वी होतं. माझी आजी, तुझी पणजी, मी लहान असताना ओवाळायच्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायची. मला सगळ्यात जास्त खाऊ घालणारी बाई माझ्यासाठी आयुष्य मागायला चालत नव्हती. आपल्या घरात तसं नाही. आई रात्रपाळीवर असली तर मी ओवाळतो, आणि पुण्याला असलो की नवरा नसलेली माझी आत्या सगळ्यांच्या आधी ओवाळते.

यंदा ११ ऑक्टोबर रविवारी आहे. त्या दिवशी मैत्रिणी आणि केक. २० तारीख मंगळवारी येते, म्हणून सकाळी साडेसहाला पाट मांडतो. तीळ मी भाजून कुटून ठेवेन. दूध अर्धी ओंजळच प्यायचंय, नाक मुरडू नकोस. चिरंजीवांची सात नावं तोवर आजीकडून फोनवर पाठ करून घे, तिला ती चालीत येतात.

तुझा बाबा