जेएसपी (जावाने सर्व्हरवर तयार होणारं वेबपान) फॉर्म सबमिट केल्यावर यूआरएलमधला पॅरामीटर, म्हणजे प्रश्नचिन्हापुढची माहिती, गायब होतो. तो सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर त्या ग्राहकापुरत्या साठवलेल्या माहितीत, ठेवू का?

नका ठेवू. हिडन फील्डमध्ये, म्हणजे फॉर्मच्या न दिसणाऱ्या रकान्यात, ठेवा. सेशनचा सल्ला तुम्हाला कुणी दिला माहीत नाही, पण मलाही तो मिळाला होता आणि त्यावरून झालेलं भांडण अजून डोक्यातून गेलेलं नाही.

मी देवगडचा. इथल्या एका बागायतदारासाठी हापूसच्या पेट्या विकायची साइट केली होती. यादीतली पेटी निवडली की ऑर्डरचा फॉर्म उघडायचा, त्याच्या यूआरएलमध्ये पेटीचा आयडी. आमच्या सिनियरने तो तिथून काढायला लावला. म्हणे यूआरएल घाण दिसते, आयडी सेशनमध्ये टाक. मी नको म्हणत होतो, पण ऐकतंय कोण!

अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर डोंबिवलीच्या एका बाईंनी घरच्यासाठी चार डझनी पेटीचा फॉर्म उघडला. लगेच दुसऱ्या टॅबमध्ये लेकीच्या सासरी नाशिकला पाठवायला सहा डझनीचा. मग आधी पहिला फॉर्म भरून पाठवला, नंतर दुसरा. सेशन कुणाचं हे सर्व्हरला सांगणारी ब्राउझरमधली खूण, म्हणजे सेशन कुकी, दोन्ही टॅबांची एकच, त्यामुळे दुसरा फॉर्म उघडताक्षणी पहिल्याचा आयडी पुसला गेला होता. दोन्हीकडे सहा डझनीच पेट्या गेल्या. बागायतदाराचा फोन आला, "बायन चार डझन सांगल्यान, सहा खंयसून इले?" वरच्या दोन डझनांचे पैसे त्यांनी बाईंकडून घेतले नाहीत, नुकसान स्वतः सोसलं. सिनियरचं उत्तर काय, तर ग्राहकाने दोन टॅब उघडूच नयेत. ज्याला ग्राहक चुकीचा वाटतो त्याने दुकानाचं सॉफ्टवेअर लिहू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आता तुमचा पॅरामीटर जातो कुठे? फॉर्मची मेथड गेट असेल, म्हणजे माहिती यूआरएलमधून जात असेल, तर ॲक्शनमध्ये (फॉर्म जिथे जायचा त्या पत्त्यात) प्रश्नचिन्हापुढे लिहिलेलं सगळं ब्राउझर टाकून देतो आणि तिथे फॉर्ममधली फील्ड्स लावतो. पोस्टमध्ये फील्ड्स रिक्वेस्टच्या मजकुरात जातात आणि ॲक्शनचा पत्ता जसाच्या तसा जातो. पण ॲक्शनमध्ये तुम्ही नुसता सर्व्हलेटचा (फॉर्म घेणाऱ्या सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रॅमचा) पत्ता लिहिला असेल तर आयडी येणार कुठून? म्हणून फॉर्मच्या आत एक हिडन इनपुट आणि त्याच्या व्हॅल्यूत आलेला पॅरामीटर, तोही सी-आउट या जेएसपी टॅगमधून एस्केप करून, म्हणजे त्यातली एचटीएमएलची खास चिन्हं निष्प्रभ करून. उघडा छापलात तर कुणीही लिंकमधून तुमच्या पानात स्क्रिप्ट घुसवेल. सर्व्हलेटमध्ये नेहमीचं गेटपॅरामीटर चालतं, कारण ते यूआरएल आणि पोस्टचा मजकूर दोन्हीकडचं वाचतं. एकच नाव दोन्हीकडे मात्र ठेवू नका, यूआरएलमधली व्हॅल्यू आधी हाती येते.

फॉर्ममध्ये चूक निघाली तर फॉरवर्ड करून, म्हणजे सर्व्हरच्या आतच रिक्वेस्ट पुढे देऊन, त्याच जेएसपीवर परत या. रिक्वेस्ट तीच राहते, हिडन फील्ड आपोआप भरतं. सेंडरीडायरेक्ट केलंत, म्हणजे ब्राउझरलाच दुसऱ्या पत्त्यावर पाठवलंत, तर रिक्वेस्ट नवी, तिथे आयडी पुन्हा स्वतः जोडावा लागतो, यूआरएलएन्कोडरमधून यूटीएफ-८ करून. ग्राहकाचं नाव मराठीत येत असेल तर पहिल्या गेटपॅरामीटरच्या आधी सेटकॅरेक्टरएन्कोडिंग (अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ते सांगणारी सूचना) लावा, नंतर लावून उपयोग नाही.

हिडन म्हणजे गुप्त नव्हे, हे सांगायचं राहिलं. ब्राउझरमध्ये कुणीही ते बदलू शकतं. त्यात फक्त आयडी ठेवा, भाव दरवेळी डेटाबेसमधूनच काढा. लॉगिन सेशनमध्येच राहू दे, त्याला माझा विरोध नाही.

आणि तुमच्याकडेही कुणी यूआरएल सुंदर दिसण्यावर अडून बसलं असेल तर त्याला एवढंच विचारा: डोंबिवलीच्या बाईंनी आवडलेल्या पेटीची लिंक व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवली, तर बहिणीच्या फोनवर कुठली पेटी उघडणार? तिच्याकडे तर बाईंचं सेशनच नाही.